उजेडाची मोजणी

डोंगर हलत नाही, या एकाच गुणावर भाळून बरेच जण निसर्गचित्रणाकडे वळतात. वाढदिवस टिपायला जावं तर केक कापणारा हात पुसट येतो, पक्षी तर आपण फोकस साधेपर्यंत शेजारच्या तालुक्यात पोचलेला असतो. डोंगर मात्र जागचा हलत नाही आणि डोळेही मिटत नाही. हे सगळं खरं. फक्त त्याच्यावरचा उजेड हलतो, ढग हलतात, पुढ्यातलं गवत हलतं आणि पहाटेच्या गारठ्यात आपले हात हलतात. म्हणून ट्रायपॉड घ्यावा लागतो.

ट्रायपॉडचं वजन दुकानात कळत नाही, चढावर कळतं. तो कॅमेरा स्थिर ठेवतो म्हणतात. माझ्या मते तो मुख्यतः माणसाला स्थिर ठेवतो. एकदा तीन पाय रोवले की उचलून दुसरीकडे जायचा कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्यापायी आपण समोरचं नीट बघू लागतो. गावकऱ्यांवर त्याचा परिणाम वेगळा. भंडारदऱ्याजवळ घाटघरच्या कड्यावर उभं राहावं, तर गुरं घेऊन चाललेले एखादे बाबा हमखास थांबतात.

"मोजनी आली का, सायेब?"

"नाही, बाबा."

"मग रस्ता?"

तोही नाही म्हटल्यावर आवाज खाली आणून, "पुन्हा धरन?" घाटघरला विजेसाठी धरणं बांधून झाली आहेत, तेव्हा ही शंका काही उगाच नाही. नुसता फोटो काढतोय म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी जाते आणि तिच्या जागी कीव येते. "कशाचा?" समोर बघावं तर धुकं.

बाबांचा अंदाज तसा चुकलेला नसतो. मोजणी चालू असतेच, पण उजेडाची. कॅमेऱ्यातला मीटर म्हणजे फार सरळमार्गी कारकून. जग सरासरीने करडं असतं, एवढा एकच नियम त्याला पाठ. पांढरंशुभ्र धुकं दाखवा, तो ते करडं करून देणार. पावसात भिजलेला काळा कातळ दाखवा, तोही करडाच. आणि सह्याद्रीचा पावसाळा म्हणजे दुसरं असतं काय? काळा बसाल्ट आणि पांढरं धुकं! म्हणून धुक्यासाठी एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने वाढवायचं आणि कातळासाठी कमी करायचं. कारकुनाशी वाद घालायचा नाही, नियमाला अपवाद जोडायचा.

याच कटकटीवर ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन फोटोग्राफरांनी १९४०च्या सुमारास एक व्यवस्था बसवली. गडद काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्या. मीटर दिसेल त्याला पाचव्या पायरीवर बसवतो. कोणाला कुठे बसवायचं ते फोटोग्राफरने, चित्र आधी मनात पाहून, ठरवायचं. ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम वगैरे मंडळींचा १९३२ सालचा गट तर चक्क 'एफ ६४' या बारीक छिद्राच्या नावाने ओळखला जाई, कारण पायाजवळच्या खड्यापासून क्षितिजापर्यंत सगळं रेखीव हवं. ते वाचून आपण आपल्या डिजिटल कॅमेऱ्याचं छिद्र बारीक करत सुटलो, तर चित्र उलट मऊ पडू लागतं. त्यांचे कॅमेरे पेटीएवढे होते. आपल्याला एफ ८ किंवा ११ पुरतं. थोरांचं अनुकरण करताना त्यांच्या सामानाचा आकारही बघावा.

पण ॲडम्सचं खरं शिकवणारं चित्र म्हणजे न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय. संध्याकाळी गाडीने परतताना त्यांना दिसलं की पूर्वेला चंद्र वर आलाय आणि मावळत्या उन्हात दफनभूमीतले पांढरे क्रूस उजळलेत. गाडी थांबवली, आठ बाय दहा इंची फिल्मचा अवजड कॅमेरा उभा केला, आणि मीटर सापडेना! सगळ्या जगाला मोजायला शिकवणारा हा माणूस. पण चंद्राची तेजस्विता, चौरस फुटाला २५० कँडल, त्यांना तोंडपाठ होती. त्यावरून हिशेब करून एफ ३२ला एक सेकंद दिला. खबरदारी म्हणून दुसरं चित्र घ्यायला जावं, तोवर क्रूसांवरचं ऊन गेलेलं. निसर्गचित्रणाला संयम लागतो असं सांगणाऱ्यांनी ही धावपळ आठवावी.

गंमत म्हणजे तारखेची नोंद ॲडम्सनी ठेवलीच नाही. हे चित्र कधी १९४१चं, कधी १९४४चं म्हणून छापलं गेलं. शेवटी खगोल अभ्यासकांनी चंद्राच्या जागेवरून गणित मांडलं आणि १ नोव्हेंबर १९४१, संध्याकाळी ४ वाजून ४९ मिनिटं, असा निकाल दिला. क्षण टिपला एका सेकंदात, पण काम तिथून पुढे. मूळ निगेटिव्हमध्ये आभाळ बरंच फिकट आणि ढगाळ आहे. १९४८ साली त्यांनी निगेटिव्हच्या खालच्या भागावर रसायनाची प्रक्रिया करून जमीन उठावदार केली, आणि डार्करूममध्ये वर्षानुवर्षं प्रिंट काढताना आभाळ काळंभोर करत नेलं. ते मूळचे पियानोवादक. निगेटिव्हला ते स्वरलिपी मानत आणि प्रिंटला वादन.

त्यामुळे कोणी "एडिट केलंय का?" असं पोलिसी सुरात विचारलं की मी बिचकत नाही. केलंय. आभाळ गडद केलंय, दरी उजळलीय. मात्र हरिश्चंद्रगडावर ॲपमधून दुसऱ्याच कुठल्या रात्रीची आकाशगंगा आणून बसवणाऱ्यांशी माझं जमत नाही. आपलं आभाळ हवं तेवढं काळं करावं. लोकांचं आणू नये.

घाटघरचं एक धुकं मला अखेर हवं तसं जमलं. पांढरं राहिलेलं, तरी आत कड्याची कड जेमतेम उमटलेली, म्हणजे आठवी पायरी आणि कुठे कुठे सातवी. अभिमानाने मावशीला पाठवलं. तिने चष्मा लावून, मोठं करून, कोपरे तपासले असावेत, कारण उत्तर यायला वेळ लागला.

"छान आलाय रे. पण यात तू कुठे आहेस?"