खुनी पाहिजेत, अनुभवाची अट नाही

टीव्हीवर खून व्हायला बंगला लागतो आणि तो करायला पुतण्या, भागीदार नाहीतर मॅनेजर. 'सीआयडी' १९९८ साली सुरू झाली, २०१८ साली थांबली आणि २०२४च्या डिसेंबरात पुन्हा उभी राहिली. त्यातल्या इन्स्पेक्टर दयाने तोडलेली दारं एवढ्यात एखाद्या सोसायटीला पुरली असती, पण खुन्यांच्या धंद्यांत म्हणावी तशी भर पडली नाही. आमची मावशी मटार सोलता सोलता दहाव्या मिनिटाला निकाल देते. "तो मॅनेजर. एवढा नावाजलेला नट, नुसता चहाचा ट्रे धरायला बोलावलाय होय?" तिचा निकाल अपिलात कधी फिरलेला नाही.

मराठीने मध्ये एकदा जोर केला. २०२० साली आलेल्या 'देवमाणूस'मध्ये खुनी गावातला डॉक्टर निघाला, पण तोही बोगस. म्हणजे नवा धंदा मिळाला म्हणावं, तर परवाना नाही.

अमेरिकेतल्या टीव्हीवरचा डिटेक्टिव्ह कोलंबो या बाबतीत नशीबवान. त्याच्या वाट्याला वाद्यवृंदाचे संचालक, बुद्धिबळपटू, रहस्यकथालेखक असे एकेक गुणी खुनी आले. खून कुणी केला हे तिथे बहुधा सुरुवातीलाच दिसतं; बघायचं ते एवढंच, की गडी सापडतो कसा. १९७३च्या एका भागात वाइन बनवणाऱ्या गृहस्थाने खून जवळजवळ पचवलेला असतो. पण हॉटेलात उष्णतेने बिघडलेली वाइन पुढ्यात येते आणि हा भडकतो. बाटली त्याच्याच तळघरातली! तोंड बंद ठेवलं असतं तर सुटला असता.

पण धंद्याचा अभिमान असलेल्या माणसाला तोंड बंद ठेवता येत नाही, आणि अशी माणसं पुण्यात पेठेपेठेत आहेत. 'सीआयडी'चे कर्ते बी. पी. सिंग तर आमच्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी, पुढे तिथलेच अध्यक्ष. लेखकांना घेऊन त्यांनी लक्ष्मी रस्त्यापर्यंत एक चक्कर मारायला हवी होती.

मंगल कार्यालयाचे व्यवस्थापकच घ्या. मुदपाकखान्यात सुऱ्या आहेत, हॉलमध्ये चारशे माणसं आहेत, आणि मयत दुसऱ्या पक्षाकडचा असावा अशी दोन्ही पक्षांची खात्री आहे. पण व्यवस्थापक बिलावर सापडणार. "त्यांचं पान वाढून झालं होतं. जेवले नाहीत हा त्यांचा प्रश्न."

ढोल-ताशा पथकाचा प्रमुख त्याहून सुरक्षित. गणपतीआधी नदीकाठी सराव चालू असताना बंदूक उडाली तरी कुणी मान वळवणार नाही. फक्त चौकशीत कुणीतरी म्हणायचा अवकाश, की काल तुमचा एक ठोका चुकला. "आमचा ठोका? ती गोळी होती!"

रिक्षावाल्यांचा विचार मी सोडून दिला. "तिकडे नाही येत" म्हटल्यावर कथानक पुढे सरकत नाही.

माझा लाडका उमेदवार मात्र मुद्रितशोधक. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कुठेतरी बसून त्याने आयुष्यभर इतरांच्या वेलांट्या सरळ केल्या. आता त्याला नव्वदीतल्या काकांचं खोटं मृत्युपत्र लिहायचंय. काकांचं अक्षर त्याला हुबेहूब जमतं. अडचण एकच : काका जुन्या वळणाचे, १९६२चे शुद्धलेखनाचे नियम त्यांनी कधी मानले नाहीत. 'हें', 'खुषीनें', 'केलें', सगळीकडे अनुस्वार. मुद्रितशोधक टेबलाशी बसतो, 'हे' लिहितो, त्यावर टिंब द्यायला पेन नेतो. पेन हवेत थांबतं. चाळीस वर्षं जी टिंबं खोडून पोट भरलं, ती आपल्याच हाताने द्यायची? खून करणं त्यामानाने सोपं गेलं होतं. शेवटी तो मृत्युपत्र नियमाप्रमाणे लिहितो आणि चौथ्या दिवशी पकडला जातो. कोठडीत जबाबावर सही करण्यापूर्वी तो हवालदाराकडे लाल पेन मागतो.

आणि सोसायटीचा सचिव? त्याच्याविरुद्ध पुरावा शोधावाच लागत नाही. इतिवृत्तात सगळं आहे. 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचा विषय : बी-४च्या सभासदांचे पार्किंग कायमचे रिकामे करणे. सूचक, अनुमोदक. ठराव सर्वानुमते मंजूर.' पुढच्या सभेत ते वाचून कायमही केलेलं. दयाने दार तोडायला खांदा लावला, की आतून आवाज येणार, "दार सोसायटीच्या मालकीचं आहे, नुकसानभरपाईचा अर्ज आधी द्या." मग सचिव स्वतःच कडी काढणार आणि बेड्यांसाठी हात पुढे करण्याआधी विचारणार, की प्रभारी सचिव नेमल्याशिवाय मी येऊ कसा? त्यासाठी विशेष सभा घ्यावी लागेल, आणि तिची नोटीस पाच दिवस आधी लावावी लागते.