कालामाता मुक्कामी रूपक

ती. आईंना


तुमच्या चिरंजिवांच्या तबल्याच्या क्लासावर घातलेले पैसे पाण्यात गेले, असं तुम्ही अजून म्हणता. कळवायला आनंद होतो की ते ग्रीसमध्ये वसूल झाले.

आमच्या घरमालकीणबाईंच्या भाचीचं लग्न होतं, कालामाताला. चर्चमध्ये पाद्रीबुवा नवरा-नवरीला टेबलाभोवती तीन फेरे घालायला लावतात आणि लोक वरून तांदूळ टाकतात. मला अगदी घरच्यासारखं वाटलं. फक्त फेरे घड्याळाच्या उलट. तुम्ही असतात तर विधी तिथेच थांबवला असतात.

रात्रीचा नाचही तसाच उलटा फिरतो. क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि लांब मानेचं लाऊतो सुरू झालं की वऱ्हाड हात धरून गोलात. हा कालामातियानोस, गावाच्याच नावाचा, पण नाचतो अख्खा ग्रीस. हे आधी खुर्चीला चिकटून होते. मग मांडीवर बोटं पडायला लागली. "अगं, हा तर रूपक! ती ती ना, धी ना, धी ना!" आणि खरंच की हो, सात मात्रा, तीन-दोन-दोन. एक लांब पाऊल, दोन आखूड. अशी चार आवर्तनं म्हणजे बारा पावलं, की पुन्हा पहिल्यापासून.

उठले. नवख्यानं साखळीच्या शेपटाला लागायचं असतं, तसे लागले. शेजारी काळ्या कपड्यातल्या एक आजी. रूपकाची सम खालीवर येते, हे ह्यांनी त्यांना शुद्ध मराठीत समजावून सांगितलं. आजींनी हाताला हिसका देऊन ह्यांना उजवीकडे ओढलं. पुढे कुठलीच मात्रा चुकली नाही.

साखळीचा म्होरक्या मात्र राजा. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसानं धरलेल्या रुमालाच्या आधारावर तो गिरक्या घेतो, खाली बसतो, उडी मारून हातानं टाच वाजवतो. बाकीच्यांनी मुकाट पावलं टाकायची. पण हे राजेपण फुकट नसतं, वाजवणाऱ्यांवर दौलतजादा करावा लागतो. नवरदेवाकडची मंडळी एपिरसची, आणि तिकडे क्लॅरिनेटवाल्याला फार मान. एका काकांनी वीस युरोची नोट त्याच्या घामेजल्या कपाळावर थापली. ती भुवईवर लोंबत होती, एक डोळा झाकला होता, पण पठ्ठ्यानं सूर सोडला नाही.

पहाटेच्या सुमारास नऊ मात्रांचा झेइबेकिको लागला. हे पुन्हा उठायला निघाले, तेव्हा मी शर्ट धरला. तो एकट्यानं आपल्याच दुःखात बुडून नाचायचा. बाकीच्यांनी गुडघ्यावर बसून टाळ्या वाजवायच्या. मध्ये घुसणं म्हणजे अपमान. 1973 साली अथेन्सच्या एका नाइट क्लबात दोघा भावांच्या फर्माइशीच्या गाण्यावर दुसरेच नाचायला उठले, सुरा निघाला आणि तीन पोलिसांचा जीव गेला. एवढं सांगितलं तरी हे म्हणतात, "पण नऊ मात्रा रोज कुठे ऐकायला मिळतात?"

बाबांना सांगा, त्यांच्या लाडक्या 'झोर्बा द ग्रीक'मधला सिर्ताकी काही परंपरेतला नव्हे. 1964 च्या त्या सिनेमासाठीच तो बसवला, खाटकांच्या जुन्या हासापिको नाचावरून. अँथनी क्विनचा पाय दुखावला होता म्हणून पावलं घसटत टाकली, असं तो स्वतःच सांगायचा. त्यामुळे बाबांच्या सांधेदुखीलाही तो चालेल.

15 ऑगस्टला इथे मेरीमातेचा सण. गावोगावी जत्रा भरते आणि रात्रभर नाच चालतो. तुम्ही तेव्हा इथेच असाल. घरमालकीणबाईंनी आत्ताच बजावून ठेवलंय की आईंना शेपटाला लावायचं नाही, त्या माझ्याशेजारी. तेव्हा गुडघ्याचा पट्टा आणि नऊवारी, दोन्ही आणा. बाबांना म्हणावं, युरोच्या बारक्या नोटा बदलून घ्या. तुम्ही रुमाल हातात घेतलात की क्लॅरिनेटवाल्याच्या कपाळाचा खर्च त्यांच्याकडे.

कळावे.

तुमची सूनबाई