सार्वजनिक मैदानाच्या वेळेचे न्याय्य वाटप : गिंडी-पद्धतीची रूपरेषा

मैदान एक आणि दावेदार अनेक, अशी स्थिती प्रत्येक शहरात उद्भवते. फेऱ्या मारणारे ज्येष्ठ नागरिक, शिलंबम म्हणजे काठी चालवण्याची तमिळ युद्धकला शिकवणारे गुरुजी, बॅडमिंटनची जाळी बांधू पाहणारी मंडळी आणि टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळणारी पोरे या सर्वांना संध्याकाळचा पाच ते सहा हाच तास हवा असतो. अशा वेळी अननुभवी प्रशासक वेळापत्रक आखायला बसतो आणि तिथेच फसतो. वेळ कोणाला द्यावी यापेक्षा ती कोणत्या मापाने मोजावी हा प्रश्न अधिक मूलगामी असून, त्याचे सर्वांत परिपक्व उत्तर चेन्नईच्या गिंडी भागात सापडते.

या पद्धतीचे पहिले सूत्र असे की, किरकोळ अर्जदाराला वेळ तासाने द्यावी आणि मातब्बराला शतकाने. गिंडीत घोड्यांच्या शर्यतींची परंपरा १७७७ पासून सांगितली जाते. मद्रास रेस क्लब १८९६ मध्ये स्थापन झाला, आणि पुढे १९४०च्या दशकाच्या मध्यास त्याला १६०.८६ एकर सरकारी जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाली. भाडेपट्टा म्हणजे जमिनीची मालकी सरकारकडे आणि जमीन दुसऱ्याकडे ठेवणारा करार. वार्षिक भाडे ठरले सुमारे ६१४ रुपये, म्हणजे एकरी चार रुपयांहूनही कमी.

तासाचे माप कसे लावावे, याचा नमुना महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये घालून दिला. कृत्रिम हिरवळीची फुटबॉल मैदाने खासगी कंत्राटदारांकडे सोपवून खेळणाऱ्याकडून माणशी तासाला १२० रुपये घेण्याचा तो ठराव होता. टीका होताच तो मागे घेतला गेला, हे अभ्यासकांचे दुर्दैव. तरीही अंकगणित उरतेच : दहा मुले एक तास खेळली तर १,२०० रुपये होतात, आणि मूळ पट्ट्याच्या दराने तेवढ्या रकमेत १६० एकर जवळजवळ दोन वर्षे वापरता येतात. त्या काळच्या रुपयाची किंमत वेगळी होती हा आक्षेप रास्त आहे. सरकारलाही तो १९७० मध्ये सुचला आणि त्याने भाडे वाढवले, पण वाढीव भाड्याची वसुली हा स्वतंत्र क्रीडाप्रकार असून त्याला वेळेची मर्यादा नसते, हे त्यानंतरच्या अर्धशतकाने दाखवून दिले.

दोन गटांना एकच जागा द्यायची वेळ आल्यास वेळेऐवजी भूमितीचा आधार घ्यावा. घोड्यांची धावपट्टी लंबवर्तुळाकार असल्याने तिच्या पोटात भरपूर जागा रिकामी राहते. गिंडीत तिथे मद्रास जिमखाना क्लबचा गोल्फ मांडला गेला. एका क्लबच्या अंगणात दुसऱ्या क्लबला खेळू देणे यालाच शास्त्रीय परिभाषेत सामुदायिक वापर म्हणावे. कुंपणाबाहेरचा समुदाय या व्याख्येत बसत नाही, कारण त्याच्याकडे सदस्यत्व क्रमांक नसतो.

अर्जात खेळाचे स्वरूप लिहिताना विशेष काळजी घ्यावी. घोड्यांवर पैसे लावणे हा जुगार आहे, असे मानून तमिळनाडूने १९७४ मध्ये शर्यतींवर बंदी आणणारा कायदा केला. तथापि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी आपल्या कौशल्याबाबत असा निर्वाळा आजवर मिळवलेला नाही, त्यामुळे त्यांचा अर्ज तांत्रिकदृष्ट्या अपुरा ठरतो.

वाटप मोडण्याची रीतही माहीत असावी. मद्रास उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ७३०.८६ कोटी रुपयांची थकबाकी भरण्यास क्लबला सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने पट्टा रद्द करून जागेला टाळे ठोकले, आणि पुढे ११८ एकर उद्यानासाठी फलोत्पादन विभागाकडे दिले. पावसाचे पाणी साठवण्यासाठी तिथे तळी खोदली गेली. ईशान्य मोसमी पावसाने कधी अर्ज केला नव्हता आणि अनामतही भरली नव्हती, तरी त्याला जागा मिळाली. वारंवार घरात शिरणाऱ्या अर्जदाराची दखल लवकर घेतली जाते, एवढा बोध इतर गटांनी घ्यावा, अनुकरण मात्र करू नये. महाराष्ट्रातील वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सचा पट्टा २०१३ मध्ये संपल्यावर सुमारे अकरा वर्षे विचार चालला, आणि २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानाला व उरलेले ९१ एकर पुन्हा क्लबला, अशी वाटणी ठरली. विचारासाठी दिलेली ही मुदतही, उघडच, तासांत मोजलेली नव्हती.

शर्यतीच्या मैदानाचे उद्यान होताना एक गोष्ट हमखास राहून जाते, म्हणून रोपे लावण्याआधीच ती उरकावी : प्रवेशद्वारी लावायचा ‘येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे’ हा फलक तमिळ आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत रंगवून घ्यावा, आणि उद्यान उघडण्याची वेळ त्याखाली लिहायला पुरेशी जागा सोडावी.