बारमाही बंद

डिसेंबर लागला की अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातला माणूस मुंबईकराकडे जरा वरून बघायला लागतो. एरवी सकाळच्या लोकलला लोंबकळत तो मुंबईच्या दारात जातो. थंडीत मात्र त्याच्याकडे मुंबईकराला न परवडणारी एक वस्तू असते, ती म्हणजे हवामान. कुलाब्यात पंखे गरगरत असतात तेव्हा अंबरनाथच्या पालेगावात कपाटातून कानटोप्या निघतात. सुकी हवा ओठ फोडते, पहाटे मलंगगड धुक्यात बुडतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'आपलं मिनी महाबळेश्वर' असा मजकूर फिरायला लागतो.

अशा मंगल वातावरणात एका गृहसंकुलाच्या सर्वसाधारण सभेपुढे विषय क्रमांक सात आला: तरणतलावाला हीटर बसवणे. विषय क्रमांक आठ होता टँकरचे थकलेले बिल. संकुलाचे नाव सांगत नाही. सांगितले नाही, तरी पालेगावातल्या डझनभर सोसायट्यांचे सेक्रेटरी हे सदर वाचून 'आमच्यावरच लिहिलंय' म्हणून रागावणार आहेत. सांगितले, तर बाकीच्यांना वाईट वाटेल.

मुळात हा तलाव इथे आला कसा? माहितीपत्रकातून आला. त्यात निळेशार पाणी होते, काठावर माड होते, आरामखुर्चीत पहुडलेले एक गोरे जोडपे होते. ते जोडपे पालेगावात अजून कुणाला दिसलेले नाही. त्याच पानावर 'चिखलोली स्टेशनपासून पाच मिनिटे' असेही छापले होते. चिखलोली हे अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या दरम्यान व्हायचे असलेले स्टेशन. जे स्टेशन झालेले नाही त्यापासून पाच मिनिटे हे अंतर चुकीचे ठरवणार कोण? बुकिंगच्या ऑफिसात गिऱ्हाईक विचारते, 'पूल किती फुटी? मुलांचा वेगळा आहे ना?' नळाची जोडणी किती इंची, पाणी कुठल्या जलकुंभातून येणार आणि दिवसाला किती वेळ, हे विचारणारा माणूस आलाच तर सेल्समन त्याला दुसरा चहा देत नाही.

आता थोडे गणित. बारा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटरला जरा कमी, म्हणजे १.२ मीटर खोल, असा मध्यमवर्गीय तलाव धरा. त्यात ८६,४०० लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असा सरकारी मापदंड आहे. त्या हिशेबाने हे ६४० माणसांचे एका दिवसाचे पाणी झाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी गेली तेव्हा सारा देश हळहळत बघत होता. तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. पालेगावातले सहा तलाव भरायला ती गाडी पुरली नसती.

एवढे पाणी साठवून ठेवल्यावर त्यात निदान पोहायला तरी मिळत असेल, असे वाटणाऱ्याने सोसायटीच्या सूचनाफलकापुढे वर्षभर उभे राहावे. जून ते सप्टेंबर तलाव बंद, कारण पाऊस. हे कारण खोटे म्हणता येत नाही. या भागात पाऊस पडतो तेव्हा तो माहितीपत्रक वाचून पडत नाही. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला आणि बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना बोटीतून बाहेर काढावे लागले. अशा मुलखात पावसाळ्यात पाण्यासाठी वेगळा तलाव कशाला? ऑक्टोबरात पाणी हिरवे होते, म्हणून शेवाळ काढण्यासाठी बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी थंडी, म्हणून बंद. मार्चपासून पाणीटंचाई, म्हणून पुढील सूचनेपर्यंत बंद. पुढील सूचना येते तेव्हा पावसाळा लागलेला असतो.

तलाव बंद असला तरी त्याची खानावळ बंद होत नाही. फिल्टरची मोटर रोज फिरवावी लागते, नाहीतर पाणी सडते. क्लोरीन टाकावे लागते, पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवावा लागतो, फिल्टर उलटा धुवावा लागतो आणि त्या धुण्यात पुन्हा पाणीच जाते. मेन्टेनन्सच्या बिलात हा खर्च दर महिन्याला वक्तशीर येतो. पालेगावात वक्तशीरपणे येणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

तर हीटर. सभेत सेक्रेटरींनी बाजू जोरात मांडली. 'पूल थंडीत वापरता येत नाही, ही सभासदांची फसवणूक आहे. परदेशात बर्फ पडतो तरी लोक पोहतात.' टाळ्या पडल्या. तेवढ्यात ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका उठले. अंबरनाथच्या सभेत असे एक काका असतातच आणि त्यांच्या खिशात कॅल्क्युलेटरही असतो.

'अहो, पाणी आत्ता वीस अंश धरा. पोहायला अठ्ठावीस तरी हवं. आठ अंश चढवायला साधारण ८०० युनिट वीज लागते. हीट पंप लावला तर त्याच्या चौथाई.'

'मग झालं की काका! एकदाच तर तापवायचंय.'

'एकदा तापवलं की ते तापलेलं राहतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?'

मग काकांनी माठ काढला. माठातले पाणी गार होते ते बाहेरच्या अंगाने झिरपून उडून जाते म्हणून. आपला तलाव हा तोंड उघडा टाकलेला माठ आहे. हवा जितकी सुकी आणि वारा जितका जास्त, तितके पाणी जास्त उडणार. दिवसाला नुसते पाच मिलिमीटर उडाले तरी या तलावातून ३६० लिटर गेले. प्रत्येक लिटर जाताना सुमारे दोन-तृतीयांश युनिटाइतकी उष्णता बरोबर नेतो. म्हणजे रोज २४० युनिटांची ऊब मलंगगडाच्या दिशेने रवाना. 'थंड आणि सुक्या हवेत उघड्या तलावाची सगळ्यात जास्त उष्णता अशीच जाते,' काका म्हणाले. 'ज्या परदेशाचं तुम्ही नाव घेताय तिथे लोक आधी हीटर घेत नाहीत, आधी झाकण घेतात. तलावावर जाड चादर अंथरा. पाणीही वाचेल, ऊबही वाचेल. खर्च हीटरपेक्षा कितीतरी कमी.'

सभा गप्प झाली. सूचना स्वस्त होती, सोपी होती आणि शास्त्राला धरून होती. म्हणजे तिच्यात काहीतरी खोट असणार. ती दुसऱ्या रांगेतून सापडली.

'झाकलं तर दिसणार कसा?'

हरकत घेणाऱ्या ताई पूल-फेसिंग फ्लॅटच्या मालकीण होत्या. त्यांनी बुकिंगच्या वेळी चौरस फुटामागे जादा पैसे मोजले होते, ते पाण्याच्या दर्शनासाठी; ताडपत्रीच्या दर्शनासाठी नव्हे. पाठोपाठ पूल-फेसिंग बाजूचे सगळे सभासद उभे राहिले. त्यांतला एकही आजवर त्या पाण्यात उतरलेला नव्हता. चादरीची सूचना बहुमताने फेटाळली गेली. पालेगावात तलाव कशासाठी बांधतात, याचे इतके स्वच्छ उत्तर कुठल्याही आर्किटेक्टने दिले नसते. तो बघण्याचा आहे. गॅलरीतून चहा पिताना बघायचा, पाहुण्यांना दाखवायचा, फ्लॅट विकायला काढला की जाहिरातीच्या फोटोत घालायचा. देवळात मूर्तीला कोणी बिलगत नाही, तसे इथे पाण्याला कोणी शिवत नाही.

मोठ्या शहरांना आणि देशांना अजून हे कळलेले नाही. बंगळुरूत मार्च २०२४ मध्ये पाण्याची टंचाई झाली तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने तरणतलावात पिण्याचे पाणी वापरायला बंदी घातली, पाच हजार रुपये दंड लावला. फ्रान्सने तर २०२२ मध्ये हवाई छायाचित्रांवर कृत्रिम बुद्धिमत्ता चालवून कर चुकवणारे वीस हजारांवर खासगी तलाव हुडकून काढले. पालेगावात एवढी बुद्धी, कृत्रिम किंवा खरी, खर्च करायचे कारण नाही. टँकरच्या मागे मागे गेले की तलाव सापडतो.

आणि हा सगळा कोरडेपणा चहूबाजूंनी पाणी असताना. अंबरनाथला चिखलोली धरण आहे, शेजारी बदलापूरला उल्हास नदीवर बॅरेज आहे, एमआयडीसीचे बारवी धरण आहे. सन १०६० मध्ये शिलाहारांच्या काळात ज्यांनी अंबरनाथचे शिवमंदिर बांधले, त्यांनी वालधुनी नदीच्या पाण्याकाठीच जागा निवडली होती. ती वालधुनी आज रसायनांनी अशी नासली आहे की तिच्यात पाय घालायला डॉक्टरची चिठ्ठी लागेल. या भागातली जुनी पोरे विहिरीत आणि उल्हास नदीत पोहायला शिकली: पाठीला रिकामा डबा, काठावरून मोठ्या भावाचा एक धक्का. मेन्टेनन्स नव्हता, लाइफगार्ड नव्हता, पोहण्याचा पोशाख तर नव्हताच. त्यांची नातवंडे आता तलावाच्या कुंपणाला नाक लावून उभी असतात. त्यांना हाकलायला वॉचमन ठेवलेला आहे. तो वॉचमन ज्या पाड्यावरून येतो तिथे बायका पहाटे हंडे घेऊन रांगेत असतात. इथे तो बारा तास ८६,४०० लिटर पाण्यावर पहारा देतो आणि जाताना दोन बाटल्या भरून नेऊ का, असे विचारतो.

तलाव अगदीच कधी वापरात आला नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. मे महिन्यात जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी शटडाऊन झाला, टँकरवाल्याने थकबाकी मागत फोन उचलणे बंद केले आणि संकुलाच्या टाक्या वाजायला लागल्या. तेव्हा पहिल्या रात्री एक बादली आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पूल-फेसिंग आणि रोड-फेसिंग असा कुठलाही भेद न उरता सारे संकुल बादल्या घेऊन काठावर हजर होते. वर्षभरात प्रथमच सभासदांनी या सुविधेचा मनसोक्त लाभ घेतला. फ्लशपुरता.

सभेचा निकाल असा लागला. हीटर एकमताने मंजूर. पाणी उपलब्ध होईल तेव्हा बसवावा. टँकरचे बिल पुढील सभेत घ्यावे. चहा-समोसे होऊन सभा संपली.

राहता राहिला कायदा. महारेराने २०२४ मध्ये बिल्डरांना बजावले, की तरणतलावासारख्या सुविधांचा तपशील आणि त्या कधी मिळणार याची तारीख विक्री करारात लिहा. चांगले झाले. आता तलावाचे माप करारात येईल, तारीख येईल, चुकला तर जाब विचारता येईल. त्याच करारात एक ओळ वाढवायला हरकत नसावी, म्हणजे कुणाचीच फसवणूक होणार नाही: 'तलाव आमचा. पाणी ज्याने त्याने घरून आणावे.'