गचक्यांचा हिशेब

२०२१ च्या सप्टेंबरात ॲपल कंपनीनं ग्राहकांना एक सूचना केली. भारी ताकदीच्या मोटारसायकलच्या हँडलला आयफोन लावू नका. इंजिनाची थरथर फार वेळ सोसावी लागली तर कॅमेऱ्यातली नाजूक यंत्रणा बिघडू शकते. साध्या स्कूटरला लावायचाच असेल तर मध्ये थरथर शोषून घेणारी बैठक घाला आणि तरीही रोज तासन्‌तास लावू नका. वाचून बरं वाटलं. निदान फोनला तरी कोणी वाली आहे. तेच हँडल दोन्ही हातांनी धरून त्याच इंजिनावर बसलेल्या माणसाबद्दल मात्र सूचनेत अक्षर नव्हतं. अर्थात कंपनी फोन विकते, माणसं नव्हे. आपल्या मालाची काळजी जो तो घेतो.

गंमत म्हणजे याच फोनच्या पोटात गचके मोजणारं एक बारीकसं यंत्रही असतं. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं, ते त्याच्याच जिवावर. एखादं फुकटचं ॲप घेतलं की पडद्यावर तीन रेघा नाचायला लागतात: एक वर-खाली, एक डावी-उजवीकडे, एक पुढे-मागे. बिऱ्हाड कोल्हापूरहून पुण्याला हलवताना मी टेम्पोच्या केबिनमध्ये बसून हा उद्योग करून पाहिला. ड्रायव्हरनं दोन-तीनदा तिरप्या नजरेनं पाहिलं आणि विचारलं, "काका, शेअर मार्केट का?"

"नाही हो. तुमच्या गाडीचे गचके मोजतोय."

"त्याला मोबाइल कशाला पायजे? आमची कंबर हाय की."

त्याच्या कमरेला शर्टावरून रुंद पट्टा होता. डॉक्टरांनी मणक्यात गॅप सांगितली होती. सीटवर त्याच्या आईनं शिवलेल्या गोधडीची घडी होती आणि तिच्यावर जुना टॉवेल. एका माणसाच्या बुडाखाली एवढी तयारी पाहून मला आपण प्रवासाला फारच हलकेफुलके निघालो आहोत असं वाटलं.

खरी मोजणी माझ्यासारखी फोन मांडीवर ठेवून होत नाही. त्यासाठी ज्वारीच्या भाकरीएवढी एक रबरी चकती असते, मधोमध तिन्ही दिशांचे धक्के टिपणारा संवेदक. ती सीटवर ठेवायची, तिच्यावर ड्रायव्हरनं बसायचं आणि नेहमीसारखी गाडी चालवायची. आयएसओ २६३१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यानुसार या आकड्यांना वजन द्यायचं. वजन द्यायचं अशासाठी, की सगळी थरथर अंगाला सारखी लागत नाही. फार संथ हेलकाव्यानं पोट ढवळतं. घाटात खिडकीजवळची जागा मागणाऱ्यांना ते मुद्दाम सांगायला नको. सेकंदाला चार ते आठ झोके या पट्ट्यात मात्र बसलेल्या माणसाचं धडच गाडीला साथ देऊ लागतं. खालून आला त्यापेक्षा मोठा हेलकावा पोटाला, छातीला आणि कण्याला बसतो. आणि ट्रक-टेम्पो खडबडीत रस्त्यावर बऱ्याचदा याच तालात चालतात. जणू स्प्रिंगचे पाटे बनवणाऱ्यानं माणसाचा कणा समोर ठेवून माप घेतलं असावं.

सीटचाही हिशेब निघतो. गाडीच्या तळाला किती हादरे आणि सीटवर किती, यांचं गुणोत्तर टक्क्यांत मांडतात. शंभराच्या खाली असेल तर सीट काम करते आहे. शंभराच्या वर असेल तर ड्रायव्हरनं सरळ पत्र्यावर बसलेलं बरं, आणि अशा सीटा खरोखर सापडतात. साध्या फोमची गादी सेकंदाला चारेक झोक्यांच्या आसपास थरथर कमी करण्याऐवजी वाढवते. चांगल्या सीटखाली हवेचं किंवा स्प्रिंगचं वेगळं झुलतं बसवलेलं असतं आणि बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे ते जुळवून घ्यावं लागतं. नाहीतर दर खड्ड्याला खाली आपटतं. हे सगळं मला गोधडीकडे पाहून आठवत होतं. पण समोरच्याच्या आईनं हातानं टाके घातलेल्या गोधडीचं गुणोत्तर शंभराच्या वर असेल, हे सांगायला वेगळ्या जातीचं धैर्य लागतं. मी गप्प बसलो.

तेवढ्यात एका गावात गतिरोधक आला आणि कपाट मागे कण्हलं. इंडियन रोड्स काँग्रेसनं गतिरोधकाचं माप ठरवून दिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, वरून छान गोलाई. ताशी २५ किलोमीटरनं जाणाऱ्याला फारसं कळूही नये असं. गावातला गतिरोधक बनवताना हे माप कोणी विचारत नाही. उरलेलं डांबर आणि सरपंचांच्या घरासमोरून वाहनं किती जोरात जातात, या दोन गोष्टींवर उंची ठरते.

कामावर अंगाला बसणाऱ्या थरथरीवर युरोपीय संघानं २००२ साली कायदेशीर मर्यादा घातल्या. आठ तासांच्या पाळीची सरासरी काढायची. ती दर सेकंद वर्गाला ०.५ मीटरच्या वर गेली तर मालकानं उपाय योजायचे आणि १.१५ च्या वर जाऊच द्यायची नाही. थरथर दुप्पट झाली तर चालवायची मुभा निम्मी होत नाही, चौथ्या हिश्शावर येते. पण सरासरी हे मोठं सभ्य प्रकरण आहे. सहा तास गुळगुळीत हमरस्ता आणि अर्धा तास गावाकडची वाट असं गणित केलं, की त्या अर्ध्या तासातले सगळे दणके शिष्टपणे नाहीसे होतात. म्हणून मोजणाऱ्यांनी दुसरं माप ठेवलं आहे. त्यात धक्क्याचा चौथा घात धरतात. दुप्पट मोठा गचका सोळापट जमा होतो. कंबर हेच गणित करते असं मला वाटतं. तिला सरासरी येत नाही.

झोपेचं आणखी वेगळंच. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी पंधरा जणांना नकली गाडीत बसवून मंद थरथर दिली आणि २०१८ साली निष्कर्ष छापले: सेकंदाला चार ते सात झोके, आणि पंधरा मिनिटांत माणूस पेंगुळायला लागतो. आपल्याकडे सकाळी नऊच्या गाडीत रात्रभर झोपलेली माणसंही पहिल्या नाक्याच्या आत माना का टाकतात, याचा मला इतके दिवस आळसाखेरीज दुसरा खुलासा सुचला नव्हता. तीच थरथर स्टिअरिंगमागच्या माणसालाही मिळते. फक्त त्याला न झोपण्याचा पगार असतो. आमचा ड्रायव्हर त्यावर तंबाखू, जुनी गाणी आणि माझ्याशी गप्पा असे तीन उपाय करत होता. मला भाड्यात सूट मिळायला हरकत नव्हती.

डॅशबोर्डखाली एक छोटा डबा लुकलुकत होता. मालकानं बसवलेला. गाडी कुठं आहे, किती वेगात आहे, ब्रेक किती जोरात मारला, सगळं मालकाच्या मोबाइलवर जातं. म्हणजे मोजणारं यंत्र गाडीत आधीपासून होतंच. "खड्डा चुकवाय गेलो की ह्यो तिकडं चहाडी करतोय," तो म्हणाला, "खड्डा रस्त्याचा, नाव आमचं."

नावाचंच म्हणाल तर, १८६० च्या दशकात इंग्लंडात आगगाडीच्या टकरींनंतर पाठ धरून आलेल्या प्रवाशांनी नुकसानभरपाईचे दावे लावले, तेव्हा लंडनचे शल्यविशारद जॉन एरिक एरिकसन यांनी १८६६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्या दुखण्याला 'रेल्वे स्पाइन' असं नावही पडलं. तिकीट काढलेल्या माणसाच्या मणक्याला एवढा मान. वर्षानुवर्षं फावडं मारत इंजिनावर उभ्या असलेल्या कोळसेवाल्याच्या पाठीला असं गाजणारं नाव मिळालं नाही.

पुण्यात पोचल्यावर मी माझं ज्ञान एकदा वापरून पाहिलं. एवढी थरथर खाल्ल्यावर लगेच ओझं उचलू नये, कणा तेव्हा दमलेला असतो. थोडं चालावं, मग उचलावं. ड्रायव्हरनं मन लावून ऐकलं. "बरोबर हाय काका. पण रात्री परत दुसरं भाडं हाय." हमाल एकच आला होता. त्यामुळे कपाटाची एक बाजू ड्रायव्हरनं धरली, दुसरी हमालानं, आणि जिन्याच्या वळणावर कोपरा सांभाळायला मी गेलो. दोघंही वर पोचले. माझ्या कमरेत मात्र काहीतरी कट्‌कन वाजलं आणि मी तसाच पायरीवर बसलो.

ड्रायव्हर खाली आला, मला पाहिलं, काही न विचारता टेम्पोकडे गेला आणि सीटमागून दुसरा पट्टा काढून आणला.

"घ्या, बांधा. एक जादाचा असतोय गाडीत, स्टेपनीसंगं."