वय अकरा, रंग राखाडी

रविवारी सकाळी साडेनऊला मी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला: "आमच्या गॅलरीत कॉकटेल सापडलं आहे. ज्यांचं असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावं. सी-७०३." नऊ पस्तीसला बेल वाजली. दारात बी विंगमधले तिघे जण आंघोळी उरकून उभे होते. एकाच्या हातात रिकामा थर्मास होता. "ओळख पटवायची म्हणजे नक्की काय करायचं, वहिनी?"

त्याचं खरं नाव कॉकाटील. मूळचा ऑस्ट्रेलियाचा हा छोटा पोपट. राखी अंग, पिवळा तुरा, गालांवर नारिंगी टिकल्या. बालनाट्यासाठी कुणी घाईत रंगवून उभं केल्यासारखा. पण आमच्याकडच्या पक्ष्यांच्या दुकानांत त्याला कॉकटेलच म्हणतात. बजरीगरला लव्हबर्ड म्हणतात, आणि मग खऱ्या लव्हबर्डची पंचाईत होते म्हणून त्याला आफ्रिकन लव्हबर्ड म्हणतात. मी दुकानातला शब्द वापरला, एवढाच माझा गुन्हा.

तो आमच्या एसीच्या बाहेरच्या डब्यावर येऊन बसला होता, आणि समोरच्या कठड्यावर चार कावळे त्याच्याकडे बुफेच्या रांगेत उभं राहिल्यासारखे बघत होते. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याला कावळा म्हणजे काय, हे कुणी सांगितलेलं नसतं. मी त्याच्यावर टॉवेल टाकला, उचलला आणि भाजीच्या टोपलीखाली ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "घरात आहेत ती माणसं धड बोलत नाहीत, त्यात हा कशाला?"

संध्याकाळपर्यंत खरे दावेदार आले. पहिल्या तिघांनी ओळख पटवली ती अशी: "पिवळा तुरा, गालावर टिकली." सासूबाईंनी तीस वर्षं नात्यागोत्यातली आणि बिल्डिंगमधली लग्नं जुळवली आहेत, तीही फुकट, फक्त आहेर घेऊन. त्यांनी तिघांनाही बाहेरच्या खोलीतूनच परत पाठवलं. "गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष हे सगळ्याच मुलींबद्दल लिहितात. खूण सांगा, खूण." चौथा होता पलीकडच्या गल्लीतला सहावीतला मुलगा. तो काहीच बोलला नाही. चपला काढल्या, उंबऱ्याशी उभा राहिला आणि गणपतीच्या आरतीच्या पहिल्या ओळीची शीळ घातली. स्वयंपाकघरातल्या टोपलीखालून दुसरी ओळ आली. शेवटचा सूर जरा उतरला होता.

"तो सूर त्याला येतच नाही," मुलगा म्हणाला आणि रडायला लागला.

बाकीच्या तिघांचा पोपट झाला. आमचं मात्र नाव झालं. पंख असलेलं काहीही कुठेही सापडलं की सी-७०३. बुटाच्या खोक्यातून कबुतराचं पिल्लू आलं. एकदा मांजात पाय अडकलेलं वटवाघूळ आलं. हा पक्षी नाही, हे समजावण्यात माझी अर्धी दुपार गेली. एका कुटुंबाची बंगळुरूला बदली झाली, ते सात बजरीगर "दोनच दिवस" म्हणून ठेवून गेले. अजून त्यांचे दोन दिवस भरलेले नाहीत. मध्यंतरी ते सातांचे अकरा झाले.

पक्षी ठेवणं सोपं असतं. राळे, हिरवी पालेभाजी, चोच घासायला समुद्रफेस, उन्हाची कड, रात्री दहा-बारा तास अंधार. अवघड असतं ते देणं. पिंजरा मागणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यातल्या बहुतेकांना पिंजराच हवा असतो. दिवाणखान्यात रंग उठून दिसतो. इथे सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. एका जुन्या वहीत त्यांनी 'स्थळे' असं लिहून रकाने आखले आणि बघण्याचे कार्यक्रम सुरू केले. येणाऱ्याला पोहे मिळत, मग प्रश्न.

"घरात मांजर?"

"नाही."

"पंखा चालू असताना पक्षी बाहेर काढाल?"

"नाही."

"तवा कसला आहे?"

इथे निम्मी स्थळं गळत. नॉनस्टिकचं भांडं गॅसवर रिकामं तापलं की त्यातून निघणारा धूर माणसाला कळतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरतो. त्याची श्वसनाची व्यवस्था फार कसबी असते, फुप्फुसांना जोडून हवेच्या पिशव्या. हवेतलं चांगलं तसं वाईटही तो आपल्यापेक्षा भरभर घेतो. कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी नेत असत ते याचसाठी. हे मी सासूबाईंना सांगितलं आणि चूक केली. दुसऱ्या दिवशी माझा दोन हजारांचा डोशाचा तवा भंगारवाल्याकडे गेला आणि माळ्यावरून बिडाचा उतरला. डोसे अजून तुकड्यातुकड्यांनी निघतात.

मग एके रात्री विठू आला. जवळची एक चाळ पाडून टॉवर होणार होता. तिथल्या आजोबांचा पंधरा वर्षांचा हिरवा पोपट भाड्याच्या घरात चालणार नव्हता. पिंजऱ्यावर चादर टाकून, माल पोचवावा तसा तो पोचवला गेला. चादर काढल्याबरोबर सासूबाईंचा चेहरा असा उजळला, की मला पुढचं बोलवेना. वाईला त्यांच्या माहेरच्या वाड्यात ओसरीवर असाच पिंजरा टांगलेला असे. लाल चोच, मानेभोवती काळा-गुलाबी कंठ. कंठ आहे म्हणजे नर, आणि तो फुटायलाच दोनेक वर्षं जातात, हे त्यांनीच मला सांगितलं. त्यांनी हिरवी मिरची दिली, त्याने ती एका पायात धरून आइस्क्रीमसारखी खाल्ली. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा लागतच नाही. मिरचीने तो खास आपल्यासाठी राखून ठेवला आहे.

"आई, हा ठेवता येणार नाही," मी म्हटलं.

"का? खायला मागतो किती?"

मी कायदा सांगितला. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा. २०२२ साली त्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे आणि आपला साधा हिरवा पोपट तिच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. पकडणं, विकणं, पाळणं, सगळंच बंद. ऑस्ट्रेलियाचा बजरीगर चालतो, आफ्रिकेचा लव्हबर्ड चालतो, पण खिडकीबाहेरच्या पर्जन्यवृक्षावर बसणारा, येऊरच्या जंगलात भरारणारा आपला राघू चालत नाही.

सासूबाईंनी विचार केला. "म्हणजे परदेशी सून चालते, गावातली चालत नाही."

कायद्याचं म्हणणं खरं तर सासूबाईंच्या अगदी उलट आहे: गावातली गावातच राहू द्या. ही पिल्लं झाडांच्या ढोल्यांतून उपसून काढतात आणि टोपल्यांत कोंबून बाजारात आणतात. वाटेत कितीतरी दगावतात. जे वाचतं ते पंख छाटून आपल्या ओसरीवर येतं आणि आपण त्याला देवाचं नाव शिकवतो. माझ्या मावसभावाने लंडनच्या बागेतले याच जातीचे पोपट पाठवले होते, मोबाइलवर. तिथे त्यांचे थवेच्या थवे मोकळे फिरतात. आमच्या भाच्याचा व्हिसा दोनदा नाकारला गेला आहे.

वनखात्याच्या मदतक्रमांकावर फोन केला आणि सांगितलं तिथे सकाळी विठूला घेऊन गेलो. साहेबांनी कागद पुढे ओढला. "पोपट, नग एक, जिवंत," असं लिहिलं. नावाचा रकाना नव्हता. सासूबाईंनी पदर सावरून विचारलं, "आमच्यावर काही...?" "आणून दिलात ते बरं केलंत," साहेब म्हणाले. इतक्यात विठूने मान वाकडी केली आणि चाळीतल्या कुठल्याशा आजीच्या खणखणीत आवाजात म्हणाला, "आले का? बसा! चहा टाक गं!" कोपऱ्यातला शिपाई उठला आणि खरोखरच चहा सांगायला गेला.

साहेबांनी पुढचं सगळं नीट सांगितलं. छाटलेली पिसं तशीच वाढत नाहीत. जुनं पीस गळावं लागतं, मग नवं येतं; त्यात महिने जातात. मग मोठ्या जाळीघरात इतर पोपटांबरोबर उडण्याचा सराव. उडायला लागला, स्वतः खायला लागला, माणसं दिसली की जवळ येण्याऐवजी लांब गेला, तर सोडायचा.

"आणि 'चहा टाक' विसरायला किती दिवस लागतील?" सासूबाईंनी विचारलं.

"ते नाही सांगता येत, आजी. माझे वडील अजून विसरलेले नाहीत."

परतताना रिक्षात रिकामा पिंजरा आमच्या दोघींच्या मध्ये होता. सासूबाई घोडबंदर रोड संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर पिंजऱ्यात त्यांनी मनीप्लँटची कुंडी ठेवली.

भाऊसाहेब आले त्याला आता दीड वर्ष होईल. आफ्रिकन ग्रे, वय तेव्हा साडेनऊ, अंगावर बंदगळ्याच्या कोटासारखा राखाडी रंग आणि मागे अचानक लालभडक शेपूट. सरकारी अधिकाऱ्याने विजार तेवढी चुकीची घालावी तशी. त्यांचे मालक वारले. आजी मुलीकडे कॅनडाला निघाल्या. जानेवारी २०१७पासून हा पक्षी आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत आहे, परवान्यांच्या चळतीशिवाय त्याला सीमा ओलांडता येत नाही. आजींचा व्हिसा झाला, पक्ष्याच्या कागदांचा नाद मुलीने सोडला. छातीवरची पिसं त्याने स्वतःच उपटली होती. कंटाळा, दुःख, आजार, काहीही झालं की हे पक्षी तसं करतात. समोरून बघितलं तर तेव्हा भाऊसाहेब अर्धे सोललेले दिसत होते.

अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग बाईंनी अॅलेक्स नावाच्या ग्रेला रंग, आकार आणि संख्या ओळखायला शिकवलं. शंभरावर शब्द त्याला येत. २००७ साली तो गेला तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि वर्तमानपत्रांनी त्याच्यावर मृत्युलेख लिहिले. भाऊसाहेबांचं शिक्षण लिफ्टशेजारच्या फ्लॅटमध्ये झालं. त्यांना येतं ते असं: कुकरच्या तीन शिट्ट्या, दारावरची कोयल, आणि लिफ्टमधली बाई. "कृपया दरवाजा बंद कीजिए." पक्ष्याला ओठ नाहीत, स्वरयंत्र खाली श्वासनलिका दुभंगते तिथे, तरी त्या बाईची थंड सभ्यता जशीच्या तशी. आमच्याकडे हे रात्री पाणी प्यायला उठतात आणि फ्रिज उघडा टाकतात. चोवीस वर्षं मी जे सांगतेय, ते भाऊसाहेबांनी आठवड्यात करून घेतलं.

आणि खोकला. हे आम्हाला उशिरा कळलं. रात्री अडीचला दिवाणखान्यातून म्हाताऱ्या माणसाचा खोकला यायचा: दोन कोरडे, मग घसा खाकरणं, मग एक लांब "हं". सासूबाई दोनदा उठून ह्यांच्या कपाळाला हात लावून आल्या. तिसऱ्या रात्री त्यांनी आल्याचा काढा केला, ह्यांना उठवून पाजला, आणि कप परत नेताना काळोखात पुन्हा खोकला आला.

कॅनडाच्या आजी महिन्यातून एकदा व्हिडिओवर येतात. पहिल्या वेळी मी फोन पिंजऱ्यासमोर धरला. आजींनी हाका मारल्या, शीळ घातली. भाऊसाहेब पाठ करून बसले. मी फोन काढून घेणार तेवढ्यात ते खोकले. दोन कोरडे, खाकरणं, लांब "हं". पलीकडे आजी काहीच बोलेनात. मला वाटलं रेंज गेली. मग त्या हळूच म्हणाल्या, "औषध घेतलं का म्हणावं."

छातीवरची पिसं आता आली आहेत. काळ्या सोफ्यावर मात्र पांढरी भुकटी असते; ग्रेच्या पिसांतून ती सतत गळते. सासूबाईंच्या वहीत भाऊसाहेबांसाठी चौदा स्थळं येऊन गेली आणि चौदांवर काट आहे. एकाला बोलका पक्षी दुकानात गिऱ्हाइकांसाठी हवा होता. एकीने विचारलं, खोकला बंद करता येईल का. एक जोडपं फार चांगलं होतं, पण दोघंही साठीचे. हे पक्षी चाळीस-पन्नास वर्षं सहज जगतात. माझ्या वयाची बेरीज मीही वहीच्या मागच्या पानावर करून बघितली आहे, आणि सासूबाईंची त्यांनी स्वतः केली. म्हणून घाई.

तर स्थळ हवे आहे. वय अकरा, रंग राखाडी, शेपूट लाल. मुलगा की मुलगी तो रकाना मोकळा आहे; ग्रेचं बाहेरून कळत नाही, डीएनए तपासणी करावी लागते, आणि भाऊसाहेबांची हरकत दिसते. परिवेश पोर्टलवरची नोंद तुमच्या नावे करावी लागेल, २०२४चे नियम तसे आहेत. देणंघेणं नाही. घरात दिवसभर कुणीतरी हवं, नॉनस्टिक नको, लिफ्ट असेल तर उत्तम. वय पस्तिशीच्या आत. पुढच्यांनीही यावं, पोहे मिळतील, पक्षी मिळणार नाही.