मुकादमाची वही दाखवा

संकटाला पुरून उरणारं प्रेम दाखवायचं असेल, तर मालिकावाल्यांनी दिवाळीनंतर बीड जिल्ह्यात यावं. धारूर, वडवणी, पाटोद्याकडच्या वाड्यावस्त्यांवर तेव्हा म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरंच उरलेली असतात. बाकीचे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात गेलेले.

आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडी बघून. म्हणजे संसार हेच इथं मजुरीचं माप.

मागच्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या एका कोपीत, म्हणजे झोपडीत, गेलो होतो. कळशीला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर मालिका चालू होती, नायिका रडत होती. दिवसभर मोळ्या वाहून आलेली बाई भाकरी थापता थापता म्हणाली, "हिनं उचल थोडीच घेतलीय? हिचं होईल सगळं नीट."

एवढं नेमकं परीक्षण मी आजवर वाचलेलं नाही.

पडद्यावर दुःखाला एक चेहरा लागतो, आणि तो बहुतेकदा सासूचा असतो. 1991च्या 'माहेरची साडी'त अलका कुबल यांच्यासोबत गावंच्या गावं रडली. ती माया खोटी नव्हती. पण आमच्या बाईचा छळ सासू करत नाही, मुकादमाची उचलीची वही करते. 'सैराट' (2016) मला म्हणूनच खरा वाटतो. नागराज मंजुळे यांनी आर्ची-परश्याला हैदराबादच्या झोपडपट्टीत नेलं, राबवलं, संसार उभा करू दिला. प्रेम कमी पडलं नाही, कष्टही नाहीत. तरी जात दारात येऊन उभी राहिली.

जून 2019मध्ये विधिमंडळात आकडा आला: बीड जिल्ह्यात 3 वर्षांत 4,605 बायकांची गर्भाशयं काढली गेली. त्यात ऊसतोडणीच्या बायका होत्या. पाळीच नको वाटते, कारण पाळीत पोट दुखलं म्हणून घरी बसलं की खाडा, खाड्याला दंड, आणि दंड उचलीत जमा. तिनं अजून किती चिकाटी दाखवायची? जिद्दीचे धडे तिला देणं बंद करा.

मालिका जरूर काढा. पहिल्याच भागात मुकादमाची वही उघडा, कॅमेरा त्या आकड्यांवर थांबू द्या. पहाटेच्या थंडीत दोघं एकमेकांना चहा कसा देतात, तेही दाखवा. माया तिथंच आहे. आणि शेवटचा भाग पट्टा पडल्यावरचा, म्हणजे हंगाम संपल्यावरचा घ्या. हिशेब होतो, उचल फिटत नाही, बाकी पुढच्या सालावर चढते. दोघं गावी उतरतात. लेक आजीच्या पदराआडून बघत राहते, कारण पाच महिन्यांनी दिसलेल्या आईजवळ जायला तिला जरा वेळ लागतो.